नारिंगाची जागल

चीनच्या जुन्या वाङ्मयात यान यिंग नावाच्या एका मुत्सद्द्याची गोष्ट येते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तो उत्तरेकडच्या छी राज्याचा अमात्य होता. अंगाने ठेंगणा, पण जिभेने भल्याभल्यांना भारी. एकदा तो वकील म्हणून दक्षिणेकडच्या छू राज्यात गेला. त्याचा पाणउतारा करावा म्हणून तेथल्या राजाने मेजवानी ऐन रंगात आलेली असताना मुसक्या बांधलेला एक चोर समोर आणवला आणि हा तुमच्याच राज्याचा रहिवासी, असे सांगून तुमच्याकडची माणसे चोरीत पटाईत असतात काय, असे पाहुण्याला विचारले. यान यिंगने नारिंगाचा दाखला दिला. ह्वाइ नदीच्या दक्षिणेला लावले तर ते नारिंग होते, उत्तरेला लावले तर त्याचेच काटेरी, कडवट फळ होते. पाने सारखी दिसतात, चव पालटते, कारण पाणी आणि माती पालटते. आमच्याकडे असताना हा माणूस चोर नव्हता. येथल्या हवापाण्यातच काही गुण असावा, असे तो म्हणाला. राजाला हसून गप्प बसावे लागले.

गोष्टीतले वनस्पतिशास्त्र खरे नाही. नदी ओलांडली म्हणून नारिंगाचे दुसरे फळ होत नाही. उत्तरेकडचे ते कडवट फळ निराळ्याच झाडाचे. त्याच्या एका देठावर तीन तीन पाने असतात, म्हणून त्याला त्रिपर्णी नारिंग म्हणतात. खरी गोष्ट इतकीच की, त्या नदीच्या उत्तरेला थंडी अशी पडते की गोड नारिंग मरते आणि त्रिपर्णी तेवढे जगते. पण यान यिंगने एक गोष्ट मात्र अचूक हेरली होती. पृथ्वीवर नारिंगासाठी एक रेघ ओढलेली आहे आणि ती रेघ थंडीने ओढली आहे.

मी शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या पुस्तकांत राज्यांच्या सीमा असतात. त्या कोणी, कोणत्या तहाने, कोणत्या साली सरकवल्या ते मुलांकडून पाठ करून घ्यायचे असते. नारिंगाची ही सीमाही माणसाने सरकवायचा प्रयत्न केला आहे, एकदा नव्हे, शेकडो वर्षे. तिच्यापायी राजवाडे बांधले गेले, गावे वसली आणि ओस पडली, माणसांनी रात्री जागून काढल्या. या इतिहासात तह मात्र एकही नाही. थंडी कोणाशी तह करीत नाही.

लिंबू, महाळुंग, पपनस, नारिंग, संत्रे हे सगळे एका कुळातले. या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्वभाग, ब्रह्मदेशाचा उत्तरभाग आणि चीनचा युन्नान या टापूत असावे, असे अलीकडच्या वंशशास्त्रीय अभ्यासावरून मानले जाते. तेथून ते जगभर गेले आणि जाताना नावही बरोबर घेऊन गेले. आपला 'नारंग' फारसीत जाऊन 'नारंग'च राहिला, अरबीत 'नारंज' झाला, स्पॅनिशात 'नारांखा' झाला आणि इंग्रजीत पोहोचेपर्यंत आपले पहिले अक्षर हरवून 'ऑरेंज' झाला. नाव असे वाटेत बदलत गेले, पण झाडाचा स्वभाव बदलला नाही.

तो स्वभाव असा की, या झाडाला गाढ झोप येत नाही. सफरचंद, अक्रोड ही थंड मुलखातली झाडे हिवाळा आला की पाने टाकतात, रस आवरून घेतात आणि वसंतापर्यंत मेल्यासारखी पडून राहतात. नारिंग बारमाही हिरवे. थंडीत ते मंदावते, पण त्याचा डोळा पुरता लागत नाही. रात्री पारा शून्याखाली दोन अंश गेला आणि काही तास तेथेच राहिला, तर फळातला रस गोठतो. आणखी दोनतीन अंश उतरला की पाने आणि कोवळ्या फांद्या जातात. लिंबू त्याहूनही नाजूक. पेशीतले पाणी गोठले की पेशी फुटते, आणि सकाळी ऊन आले की सगळी बाग उकडल्यासारखी काळी पडते. थंडीने मेलेले झाड भाजल्यासारखे दिसावे, यात निसर्गाचा काय विनोद आहे कोण जाणे.

चिनी बखरकारांनी या विनोदाची नोंद ठेवली आहे. इ. स. ११११ साली शांघायच्या पश्चिमेकडचे विस्तीर्ण ताइहू सरोवर इतके गोठले की बर्फावरून गाड्या जाऊ शकत होत्या, आणि त्याच्या काठच्या तुंगतिंग टेकड्यांवरच्या नामांकित नारिंगबागा त्या हिवाळ्यात मेल्या. हवामानाच्या आधुनिक अभ्यासकांना ही नोंद फार उपयोगी पडली. थर्मामीटर नव्हता त्या काळात कोणत्या साली किती थंडी पडली हे नारिंगाच्या झाडाने लिहून ठेवले आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे ११७८ साली वेन्चौचा अधिकारी हान यान्-च्र याने नारिंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात सत्तावीस जाती वर्णिल्या. या कुळावरचा हा जगातला सर्वांत जुना स्वतंत्र ग्रंथ. गड, किल्ले आणि वंशावळी यांच्या गर्दीत एका अंमलदाराला फळाची जातवारी लिहावीशी वाटली, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

युरोपात आंबट नारिंग आणि लिंबू अरबांबरोबर गेले. प्रथम सिसिली, स्पेन या उबदार मुलखांत. तेथवर राखणीचा प्रश्न फारसा नव्हता. प्रश्न उभा राहिला तो ही झाडे आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, इटलीच्या गार्दा सरोवराच्या काठी पोहोचली तेव्हा. हा मुलूख पंचेचाळीस अंश अक्षांशाच्याही वर. पाठीशी बर्फाचे डोंगर, पुढे पाणी. गार्ञानो येथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी तेराव्या शतकात तेथे लिंबू आणले, अशी परंपरा आहे. ते कसेही असो, पुढच्या शतकांत त्या काठी लिंबाची जी शेती उभी राहिली तिला जगात तोड नाही.

डोंगराच्या उतारावर दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांचे शेत करायचे. माती होडीतून आणून भरायची. तीन बाजूंना उंच भिंती, चौथी बाजू सरोवराकडे म्हणजे उन्हाकडे मोकळी. आणि प्रत्येक पायरीवर झाडाच्या शेंड्याहून उंच अशा चौकोनी दगडी खांबांची रांग. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला वाटावे, कुठल्या तरी पडक्या देवळाचा हा सभामंडप आहे आणि त्यात झाडे उगवली आहेत. पण कार्तिक लागायच्या सुमाराला, नोव्हेंबरात, त्या खांबांचे प्रयोजन कळे. खांबाखांबांवर तुळया चढत, तुळयांवर फळ्यांचे छप्पर पडे, पुढच्या बाजूला फळ्या आणि काचेची तावदाने बसत. चारपाच महिने सगळी बाग घरात. मार्चमध्ये पुन्हा एक एक फळी उतरवायची, क्रमाने रचून ठेवायची. हे दर वर्षी, पिढ्यान्पिढ्या. हजारो फळ्या आणि तावदाने, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली.

१७८६ च्या सप्टेंबरात जर्मन कवी गटे इटलीच्या प्रवासाला निघाला असता लिमोने गावावरून होडीतून गेला. हे पांढरे खांब आणि त्यांच्यावरच्या आडव्या तुळया त्याने पाहिल्या आणि आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवल्या. उत्तरेकडच्या माणसाला लिंबाचे झाड म्हणजे स्वप्नच. पुढे १९१२ च्या शरदात डी. एच. लॉरेन्स हा इंग्रज कादंबरीकार गार्ञानोला येऊन राहिला आणि १९१६ च्या आपल्या पुस्तकात या लिंबाच्या घरांवर त्याने एक सबंध प्रकरण लिहिले. कवीला खांब दिसले, कादंबरीकाराला फळ्या ठोकणारी माणसे आणि मालकाची विवंचना दिसली. मीही कादंबरीच्या धंद्यातला असल्यामुळे माझे मत कोणाच्या बाजूने पडणार हे सांगायला नको.

या घरांतली एक साधी युक्ती मला फार आवडते. कडाक्याच्या रात्री राखणदार बागेत पाण्याचे एक भांडे ठेवी. थर्मामीटर परवडणारी ती माणसे नव्हती. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरू लागली की तो उठे आणि ठिकठिकाणी विस्तव पेटवी. त्याने दोन डुलक्या अधिक घेतल्या तर वर्षाचे पीक गेले. त्या भांड्यापाशी कोणीतरी जागे असे, म्हणून उत्तर युरोपच्या मेजवान्यांत लिंबू दिसे. आपल्याकडे ज्वारी निसवली की माळ्यावर जागल असते, तसलीच ही जागल. फक्त हाकलायचे ते रानडुक्कर नव्हे, थंडी.

ही लिंबशेती थंडीने एका रात्रीत मारली नाही. १८५५ च्या सुमारास झाडांना डिंक्या रोग लागला. आमच्या विदर्भातल्या संत्रेवाल्यांना तो चांगला परिचयाचा आहे. मग इटली एक झाली, आगगाडी आली आणि सिसिलीचे लिंबू स्वस्तात उत्तरेला जाऊ लागले. सिसिलीत ऊन फुकट होते. गार्द्याला उन्हासाठी लाकूड, काच आणि मजुरी मोजावी लागे. राष्ट्र एक झाल्याचा आनंद सर्वांना सारखाच झाला असेल असे आपण पुस्तकात लिहितो. लिमोनेच्या लिंबूवाल्याला तो कितपत झाला असेल, हे कोणी विचारीत नाही. पहिल्या महायुद्धात रणांगण जवळ आले, लाकूड आणि काच लष्कराने नेली. १९२८-२९ च्या हिवाळ्याने उरलेसुरले संपवले. आज तेथे पुष्कळशा बागांत नुसते खांब उभे आहेत. लिमोनेच्या पंचायतीने एक जुनी बाग विकत घेऊन दुरुस्त केली, ती पाहायला प्रवासी येतात.

फ्रान्सच्या राजाने हाच उद्योग केला, पण तो राजाच्या थाटाचा. चौदाव्या लुईचा खजिनदार फुके याने व्हो येथे असा वाडा आणि अशी बाग केली की ती पाहून राजाला मत्सर वाटला. १६६१ च्या सप्टेंबरात फुके कैद झाला, आणि त्याच्या बागेतली नारिंगाची झाडे शेकड्यांनी राजाकडे गेली. पराभूताचे हत्ती आणि घोडे नेतात हे आपल्याला ठाऊक आहे. येथे नारिंगे नेली. १६८४ ते १६८६ या काळात मान्सार या स्थपतीने व्हर्सायला या झाडांसाठी घर बांधले. दक्षिणेकडे तोंड, मधले दालन १५५ मीटर लांब, भिंती चारपाच मीटर जाड, दुहेरी तावदाने, आणि दोन्ही बाजूंना शंभर पायऱ्यांचे दोन प्रचंड जिने. बाहेर कितीही थंडी असो, आत पारा पाचाच्या खाली जात नाही. झाडे लाकडी पेट्यांत लावलेली. ऑक्टोबरात आत न्यायची, मेमध्ये बाहेर काढायची. आजही हजारावर पेट्या अशा आतबाहेर होतात. आरसेमहालात तर ही झाडे चांदीच्या कुंड्यांत ठेवीत. १६८९ मध्ये युद्धाला पैसा हवा म्हणून ती चांदी वितळवली गेली.

आता १७०९ चा हिवाळा आठवा. त्या जानेवारीत युरोप गोठले. राजवाड्यात जेवणाच्या मेजावर द्राक्षाची दारू गोठत होती. दक्षिण फ्रान्सात ऑलिव्हचे मळेच्या मळे मेले. शेतातला गहू गेला आणि त्या व पुढच्या वर्षी दुष्काळाने आणि रोगाने फ्रान्सात लाखो माणसे मेली. त्याच देशात झाडांसाठी चार मीटर जाडीच्या भिंतींचे घर उभे होते. मी हे सांगून राजाला शिव्या देत नाही. शिव्या देणे सोपे असते आणि त्याने काही कळत नाही. ऊब ही एक संपत्ती आहे आणि ती कोणाच्या वाट्याला जाते हे पाहिले की त्या राज्याची कुंडली कळते, एवढेच मला म्हणायचे आहे. आणखी एक नोंद या घराच्या नावावर आहे. १८७१ साली पॅरिसच्या कम्यूनचा उठाव रक्तात बुडवल्यावर पकडलेल्या कैद्यांपैकी पुष्कळांना याच दालनात कोंडले होते. उन्हाळ्यात झाडे बाहेर असतात. घर रिकामेच होते.

इंग्लंडात सरे परगण्यातल्या बेडिंग्टन येथे केर्‍यू घराण्याने तिसरीच तऱ्हा केली. झाडे पेटीत नव्हे, जमिनीत लावलेली. हिवाळा आला की त्यांच्याभोवती लाकडी घर उभारायचे, वसंतात मोडायचे. दीडशेच्या आसपास वर्षे ही झाडे त्या धुक्याच्या मुलखात जगली आणि १७३९-४० च्या हिवाळ्यात मेली. एका रात्रीच्या ढिलाईने पाच पिढ्यांची राखण वाया जाऊ शकते. थंडीला मागचा हिशेब पाठ नसतो.

येथवर राखण म्हणजे भिंत आणि छप्पर. राजाला ते जमले, सरोवराकाठच्या कष्टाळू माणसाला चिवटपणाने जमले. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतात नारिंगाच्या बागा मैलोगणती पसरल्या, तेव्हा छपराची भाषा संपली. एवढ्या रानावर छप्पर कोण घालणार? आणि गरज तरी काय, असेच तेथल्या लोकांना वाटत होते. हवा उबदार, जमीन स्वस्त, आगगाडी दाराशी.

२९ डिसेंबर १८९४ च्या पहाटे ऑर्लंडोला पारा शून्याखाली आठ अंशांच्या जवळ गेला. झाडावरचे सगळे फळ गोठून दगड झाले आणि मग कुजून पडले. तरी झाडे पुष्कळशी जिवंत होती. मागाहून जानेवारी मोठा उबदार गेला. झाडांना वाटले वसंत आला. रस चढला, कोवळी पालवी फुटली. लोकांनाही तसेच वाटले. मग ८ फेब्रुवारी १८९५ उजाडली. या वेळी साल रसाने भरलेली होती; तो रस गोठला आणि खोडे उभी चिरली. पहिली थंडी फळ घेऊन गेली, दुसरी झाड घेऊन गेली. आणि दुसरीला वाट करून दिली ती मधल्या उबेने. पन्नास लाख पेट्यांच्या घरातले उत्पादन पुढल्या हंगामात सुमारे दीड लाखांवर आले. पेढ्या बुडाल्या, कुटुंबे घरे टाकून परतली, आणि पूर्वीचा आकडा पुन्हा गाठायला पंधराएक वर्षे लागली.

त्या नाशात काही झाडे वाचली ती एका अडाणी वाटणाऱ्या उपायाने. हिवाळ्याआधी लहान कलमांच्या खोडाला, डोळा भरलेल्या जागेच्या वरपर्यंत, मातीची भर लावून ठेवायची. वरचे सगळे मेले तरी मातीखालचा हातभर बुंधा गोड जातीचा राहतो आणि त्यातून नवे झाड फुटते. भर नसेल तर वरचे गोड झाड मरते आणि खालच्या आंबट खुंटाला धुमारे येतात. चौदाव्या लुईच्या भिंतीपेक्षा हातभर माती अधिक शहाणी ठरली. याच प्रांतात डीलँड गावी ल्यू गिम गाँग नावाचा चिनी माळी होता. पोरवयात अमेरिकेत आला, जोड्यांच्या कारखान्यात राबला, मग बागेत रमला. थंडीला अधिक टिकणारे नारिंग त्याने निवडून काढले, आणि १९११ साली अमेरिकेच्या फळशास्त्र संस्थेने त्याला वाइल्डर पदक दिले. १९२५ साली तो वारला तेव्हा त्याच्यापाशी पैसा नव्हता. ह्वाइ नदीच्या देशातून आलेल्या माणसाने अमेरिकेला थंडीशी कसे वागावे ते शिकवावे, हा इतिहासाचा न्यायच म्हणायचा.

कॅलिफोर्नियाची पाळी १९१३ च्या जानेवारीत आली. त्या कडाक्यानंतर तेथल्या बागवानांनी झाडाझाडांमधून तेलाच्या शेगड्या मांडल्या. एकेका बागेत शेकड्यांनी. रात्री हवा स्वच्छ आणि निवांत असली की जमिनीची ऊब आकाशाकडे निघून जाते, गार हवा जड म्हणून खाली साचते आणि ऊबदार हवेचा थर तिच्यावर, झाडांच्या वर तरंगत राहतो. शेगड्यांनी खालची हवा ढवळते, चार अंश चढतात, तेवढ्याने भागते. लोकांची समजूत अशी की झाडे धुराने वाचतात, म्हणून धूर जितका काळा तितका बरा. पुढे अभ्यासाने कळले की वाचवते ती ऊब. धुराचा उपयोग नाही. ते कळेपर्यंत सगळे खोरे काजळीने माखले होते. १९४७ साली लॉस एंजेलिसला हवेच्या शुद्धीचे खाते निघाले आणि धुरकट शेगड्यांवर निर्बंध येऊ लागले. मग उंच खांबावर पंखे बसले. ते वरची ऊबदार हवा खाली लोटतात.

फ्लॉइड यंग नावाचा हवामान खात्याचा एक अधिकारी त्या काळात रोज रात्री आठला आकाशवाणीवरून कुठल्या गावी पारा किती उतरणार ते सांगे, आणि घरोघर माणसे श्वास रोखून ऐकत. आकडा वाईट निघाला की शेगड्या पेटवायला मजूर लागत, आणि ते मजूर पुष्कळदा शाळेतली मुले असत. रात्रभर तेल भरायचे, वाती सारख्या करायच्या आणि सकाळी काळ्या तोंडाने वर्गात येऊन बसायचे. कडाक्याच्या आठवड्यांत त्यांच्या हजेरीकडे शाळा कानाडोळा करीत.

इतिहासाच्या या पानापाशी मी थांबतो, कारण ही मुले माझ्या ओळखीची आहेत. आमच्या भागात शेतीच्या पंपाची वीज पुष्कळदा रात्रीची असते. बाप एका वाफ्यावर, पोरगा दुसऱ्यावर. बॅटरीच्या उजेडात पाणी वळवायचे, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. पहाटे वीज गेली की घर गाठायचे आणि साडेदहाला माझ्या तासाला येऊन बसायचे. पानिपतची लढाई ऐन भरात असते आणि मागच्या बाकावर एक मान हळूहळू खाली येत जाते. मी खडू मारीत नाही. बाजारात संत्रे हातात घेणाऱ्याला त्याचा रंग दिसतो, वास येतो, भाव कळतो. त्यातली झोप कोणाला दिसत नाही.

राखणीचा पुढचा उपाय वरवर वेडगळ वाटेल असा आहे. गोठवणाऱ्या रात्री झाडावर पाणीच मारायचे! पाणी गोठताना दर ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर टाकते. म्हणून पाणी अखंड पडत राहिले आणि अखंड गोठत राहिले, तर बर्फाच्या आतली फांदी शून्याच्या फारशी खाली जात नाही. धार थांबली किंवा वारा सुटला की हेच पाणी उलट झाडाची ऊब काढून नेते. १९६२ च्या डिसेंबरात फ्लॉरिडात उंचावरून पाणी मारलेल्या पुष्कळ बागांचे असेच झाले. बर्फाच्या भाराने फांद्या मोडल्या ते वेगळेच. त्यातून शहाणपण आले ते झाडाखाली, बुंध्यापाशी बारीक तुषार उडवण्याचे. १९८३, १९८५ आणि १९८९ च्या कडाक्यांत त्याने कोवळ्या झाडांचे बुंधे राखले. तरीही त्या तीन हिवाळ्यांनी फ्लॉरिडाच्या बागा कायमच्या दक्षिणेकडे ढकलल्या. इतकी विद्या होऊनही रेघ सरकली ती माणसाच्या बाजूलाच.

मात्र एक काम या सगळ्या धांदलीत मुकाट्याने चालले होते. १८९४-९५ च्या नाशानंतर अमेरिकेच्या शेती खात्यातल्या स्विंगल आणि वेबर या दोघांनी १८९७ पासून गोड नारिंगाचा संकर एका उपेक्षित झाडाशी करायला घेतला. ते झाड म्हणजे यान यिंगच्या गोष्टीतले तेच काटेरी, कडवट त्रिपर्णी नारिंग. ते पाने टाकते, हिवाळ्यात खरोखर झोपते आणि शून्याखाली वीस अंशांपर्यंतची थंडी सोसते. आशा अशी की, त्याचे धैर्य आणि याची गोडी एका फळात यावी. तसे झाले नाही. संकर थंडी सोसणारे निघाले, पण चवीला वाईट. साहजिकच लोकांनी प्रयोग फसला म्हटले. परंतु १९०९ च्या संकरांतून निघालेल्या ट्रॉयर आणि कॅरिझो या दोन जाती फळासाठी नव्हे, खुंटासाठी उत्तम ठरल्या. १९४० नंतर ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूने आंबट नारिंगाच्या खुंटावरची झाडे कॅलिफोर्नियात पटापट मरू लागली, तेव्हा हेच खुंट कामाला आले. गोड डोळा वर, कडवट मूळ खाली. ज्याला नदीपलीकडचे बिघडलेले नारिंग म्हणून हिणवले होते, त्याचे रक्त आज जगातल्या कितीतरी बागांच्या मुळाशी आहे, आणि खाणाऱ्याच्या जिभेला त्याचा पत्ता लागत नाही.

आपल्या विदर्भात थंडीचे एवढे भय नाही. क्वचित एखाद्या पुसा-माघात पारा फार उतरला, तर बांधावर काडीकचरा पेटवायचा, रात्री हलके पाणी द्यायचे. नाशिककडचे द्राक्षवालेही तेच करतात. आमचा प्रश्न उलटा आहे. संत्र्याला फूल यायचे तर त्याला आधी विसावा लागतो, आणि आमच्याकडे तो आपोआप पुरेसा मिळत नाही. म्हणून आंबिया बहार धरणारा शेतकरी हिवाळ्यात पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. थंडी आणि तहान मिळून झाड थबकते, पाने मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडले की काही आठवड्यांत बाग पांढऱ्या फुलांनी डवरते. मृग बहाराला हेच काम उन्हाळ्याचा ताण करतो. फळाचा रंगही थंडीचाच. रात्री गार झाल्या म्हणजे सालीतला हिरवा उतरतो आणि नारिंगी वर येतो; बारमाही उबेच्या मुलखात पिकलेले फळही हिरवेच राहते.

म्हणजे जिच्याविरुद्ध शेकडो वर्षे भिंती उभारल्या, ती पुरती शत्रू नव्हे. फार झाली तर झाड मारते, मुळीच नसली तर फूल रोखते आणि रंग देत नाही. व्हर्सायच्या माळ्यांनी झाडाला हिवाळाच लागू दिला नाही, आणि त्यांची झाडे दर ऑक्टोबरात आत नेल्यावाचून जगू शकत नाहीत. खुंट पालटणाऱ्यांनी झाडाला हिवाळा सोसायला शिकवले. आमच्या शेतकऱ्याने त्याला मोजून हिवाळा दिला. तिन्हीही राखणच, पण पहिलीला राजा लागतो, दुसरीला जन्मभराचे काम लागते आणि तिसरीला नुसती नजर लागते. कुठल्या दिवशी पाणी तोडायचे आणि कुठल्या दिवशी सोडायचे, हे मलूल पानाकडे पाहून ओळखणारी ती नजर. पाच दिवस आधी सोडले तर फूल नाही, पाच दिवस उशीर झाला तर झाड नाही.

मान्सारचे नाव त्याच्या दालनामुळे राहिले, स्विंगलचे त्याच्या संकरामुळे. पाण्याच्या भांड्यावर साय कधी धरते ते पाहत बसलेल्या गार्द्याच्या राखणदाराचे नाव कोणी लिहिले नाही. शेगड्यांत तेल ओतणाऱ्या त्या मुलांचे नाही, वाफ्यावर उभ्या असलेल्या आमच्या पोरांचेही नाही. दिवाळीच्या फराळानंतर या अंकाची पाने चाळत आपण बसाल तेव्हा बाजारात आंबट-गोड संत्री येऊ लागलेली असतील. एखादे सोलताना सालीचा तो झणझणीत वास बोटांना लागेल. तो दोन दिवस जात नाही. तेवढा वेळ त्या जागलीची आठवण राहिली तरी पुष्कळ झाले.